व्यावसायिक अपराइट व्हॅक्युम क्लीनर घेताय? आधी ब्रशच्या उंचीची सोय बघा

मोठ्या हॉटेलचे कॉरिडॉर, विमानतळावरचे लाउंज, कार्पेट टाकलेली कार्यालये इथे पहाटे किंवा रात्री उशिरा एक उभे यंत्र पुढे-मागे ढकलत साफसफाई चाललेली दिसते. दांडा, त्यावर पिशवी किंवा डबा आणि खाली जमिनीला टेकलेले चपटे तोंड, असे त्याचे रूप असते. याला अपराइट व्हॅक्युम क्लीनर म्हणतात. आपल्याकडे घरोघरी नळी लावलेला डबा जास्त दिसतो. भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट असेल तिथे मात्र अपराइट सोयीचा पडतो, कारण त्याच्या तोंडात फिरणारा ब्रश असतो.

हे यंत्र विकत घेताना लोक मोटर किती वॉटची, पिशवी केवढी, वायर किती मीटर हे विचारतात. ब्रश जमिनीपासून किती उंचीवर चालतो आणि ती उंची कशी बदलते, हा प्रश्न बहुतेक वेळा राहून जातो. यंत्र नीट चालणार की नाही, हे मात्र बऱ्याच अंशी त्यावरच ठरते.

उंचीचा संबंध कशाशी?

कार्पेटवर दिसणारा कचरा म्हणजे धागे, केस, कागदाचे कपटे. खरा त्रास देते ती न दिसणारी वाळू आणि बारीक खडे. बुटांबरोबर आलेले हे कण हळूहळू धाग्यांच्या मुळाशी जाऊन बसतात. वरून पाय पडला की कणांच्या धारदार कडा धाग्यांवर घासतात आणि कार्पेट झिजते. वर्दळीच्या वाटेवर कार्पेट लवकर निस्तेज दिसू लागते, त्यामागे हे एक मोठे कारण असते.

नुसत्या हवेच्या ओढीने हे कण वर येत नाहीत. मिनिटाला काही हजार फेरे घेणारा ब्रश धागे झटकतो, कण सुटे करतो आणि मग हवा ते ओढून नेते. म्हणजे ब्रश आणि हवा ही जोडी आहे. ब्रशच्या केसांची टोके कार्पेटच्या धाग्यांत जेमतेम शिरली पाहिजेत आणि तोंडाची कड कार्पेटला इतकी जवळ हवी की हवा बाजूने निसटणार नाही. ही दोन्ही कामे तोंडाच्या उंचीवर अवलंबून असतात.

उंची चुकली तर काय होते?

तोंड फार वर राहिले तर ब्रश हवेतच फिरतो. वरचा कचरा उचलला जातो, कार्पेट स्वच्छ दिसते, पण वाळू मुळाशी तशीच राहते. ही चूक लक्षात येत नाही, म्हणून ती महिनोन्महिने चालू राहते.

तोंड फार खाली गेले तर परिणाम लगेच दिसतात. ब्रश धाग्यांत रुतून जड फिरतो. मोटर आणि ब्रश जोडणारा रबरी पट्टा घसरतो, तापतो आणि जळका वास येऊन तुटतो. ब्रशचे केस लवकर झिजतात, कार्पेटचे धागे पिंजारतात. तोंड कार्पेटला चिकटून हवेची वाट बंद होते. यंत्र ढकलायला जड जाते आणि सारा भार चालवणाऱ्याच्या मनगटावर, खांद्यावर आणि कमरेवर येतो. घरात दहा मिनिटे चालणाऱ्या यंत्रात हे खपून जाते. रोज पाच-सहा तास यंत्र ढकलणाऱ्या माणसाला ते खपत नाही.

उंची बदलण्याचे तीन मार्ग

पहिला मार्ग हाताने किंवा पायाने बदलण्याचा. तोंडावर फिरवायचा नॉब, सरकता खटका किंवा पायाने दाबायचे पेडल असते. त्यावर अंक किंवा ‘कमी, मध्यम, जास्त’ अशा खुणा असतात. रचना साधी, सुटे भाग स्वस्त, दुरुस्ती कोणत्याही जाणत्या मेकॅनिकला जमते. पातळ कार्पेटपासून जाड कार्पेटपर्यंत हवे ते अंतर ठेवता येते. ब्रश झिजून आखूड झाला तर तोंड एक खूण खाली घेऊन काही दिवस काम भागवता येते. दोष एकच, पण मोठा: उंची बदलणे माणसाच्या लक्षात राहावे लागते. एका कंपनीचा ३ हा अंक दुसऱ्या कंपनीच्या ३ इतकाच असेल, असेही नाही.

दुसरा मार्ग तरंगत्या तोंडाचा. यात कुठलाही नॉब नसतो. तोंड सैल बसवलेले असते आणि कार्पेटच्या जाडीप्रमाणे आपोआप वर-खाली होते. ओरेक या अमेरिकी कंपनीची हलकी अपराइट यंत्रे या पद्धतीसाठी ओळखली जातात. शिकवायला काही नाही, विसरायलाही काही नाही. आखूड आणि मध्यम धाग्यांच्या कार्पेटवर हे छान चालते. मऊ, दाट, लांब धाग्यांच्या कार्पेटवर मात्र जोरदार ओढीचे तोंड खाली खेचले जाऊन रुतू शकते. तेव्हा वर उचलून ठेवायला खटकाच नसतो.

तिसरा मार्ग सेन्सरचा. ब्रश रुतला की त्याच्या मोटरवरचा ताण वाढतो आणि ती जास्त वीज ओढते. यंत्रातील सर्किट हा फरक ओळखते आणि छोटी मोटर तोंड वर किंवा खाली घेते. जर्मनीतील सेबो कंपनीची ‘ऑटोमॅटिक एक्स’ मालिका या प्रकारची आहे. वेगवेगळ्या जाडीच्या कार्पेटवरून एकाच फेरीत जायचे असेल तर हा मार्ग सर्वांत सोयीचा. ब्रशची झीजही तो एका मर्यादेपर्यंत सांभाळून घेतो. किंमत मात्र जास्त असते आणि सर्किट बिघडले तर कोपऱ्यावरच्या दुकानात काम होत नाही. कंपनीचे सेवा केंद्र तुमच्या शहरात आहे का, हे आधी विचारावे.

मग कोणता घ्यायचा?

सुरुवात यंत्रापासून करू नका, जमिनीपासून करा. इमारतीत किती प्रकारचे कार्पेट आहे ते मजल्यावर फिरून लिहून काढा.

समजा एका कार्यालयात सगळीकडे एकाच प्रकारच्या आखूड धाग्यांच्या कार्पेट टाइल्स आहेत. तिथे उंची एकदाच ठरवायची असते. तरंगते तोंड किंवा साधा नॉब पुरतो. सेन्सरसाठी जादा पैसे देण्याचे कारण नाही.

समजा हॉटेल आहे. कॉरिडॉरमध्ये घट्ट विणीचे कार्पेट, खोल्यांत मऊ कार्पेट, मेजवानीच्या हॉलमध्ये त्याहून जाड. एकच माणूस एका पाळीत तिन्हीकडे जातो. इथे नॉब चालेल, पण प्रत्येक ठिकाणचा अंक ठरवून शिकवावा लागेल. कामगार वारंवार बदलत असतील तर सेन्सरचा खर्च पट्टे, ब्रश आणि कार्पेटचे आयुष्य यांतून भरून निघू शकतो. तरंगते तोंड मात्र हॉलमधल्या कार्पेटवर चालवून पाहिल्याशिवाय घेऊ नये.

मधेमधे फरशी किंवा लाकडी जमीन असेल तर ब्रश वेगळ्या बटणाने बंद होतो का, ते पाहा. ब्रशला स्वतंत्र मोटर असलेल्या यंत्रात ही सोय सहसा असते. एकाच मोटरवर पट्ट्याने ब्रश फिरत असेल तर सहसा नसते आणि फिरता ब्रश बारीक खडे फरशीवर उडवतो.

परदेशातून यंत्र मागवताना विजेचा दाब तपासा. अमेरिकेतली यंत्रे १२० व्होल्टची असतात, आपल्याकडे २३० व्होल्ट. ती थेट जोडली तर मोटर जळेल.

खरेदीपूर्वीच्या तीन चाचण्या

विक्रेत्याला यंत्र तुमच्या जागेवर आणायला सांगा. दुकानातल्या कार्पेटच्या तुकड्यावर सगळीच यंत्रे चांगली चालतात.

१. उंची सर्वांत वर ठेवून यंत्र सुरू करा. मग एकेक खूण खाली या. ब्रश धाग्यांना टेकला की आवाज किंचित जड होतो आणि यंत्र हलकेच पुढे ओढ घेते. ती योग्य जागा. आवाज दबला किंवा ढकलताना जोर लागू लागला तर एक खूण वर या.

२. तुमच्याकडच्या सर्वांत जाड कार्पेटवर पाच मिनिटे यंत्र चालवा. रोज काम करणाऱ्या दोन-तीन जणांच्या हाती द्या, त्यातला एक उंचीने कमी असू द्या. मग सुपरवायझरला नाही, त्यांना विचारा.

३. नॉब किंवा पेडल न वाकता, हातमोजे घालून बदलता येते का, हे पाहा. बदलायला त्रास होणारी सोय कोणी वापरत नाही.

नंतरची काळजी

यंत्राचा प्लग काढून ते आडवे करा आणि तोंडावर, ब्रशच्या उघड्या खाचेवर एक ताठ कार्ड आडवे धरा. ब्रशचे केस कार्डाला टेकत नसतील तर ब्रश बदलायची वेळ झाली. मग कितीही उंची बदलून उपयोग नाही. चाके झिजली तरी तोंड खाली येते, म्हणून तीही तपासावीत. ब्रशच्या टोकांना गुंडाळलेले केस आणि दोरे आठवड्यातून एकदा कापून काढावेत. नॉबचे यंत्र असेल तर प्रत्येक मजल्याचा अंक मराठीत आणि हिंदीत लिहून यंत्राच्या दांड्यावरच चिकटवा. वारंवार पट्टा तुटत असेल तर चालवणाऱ्याला दोष देण्याआधी त्याला उंचीबद्दल कोणी काही सांगितले होते का, हे विचारा.

एक गोष्ट इथे सांगण्याजोगी आहे. आजच्या अपराइट यंत्राचा पूर्वज अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या कँटन गावी जेम्स मरे स्पँगलर यांनी बनवला आणि १९०८ मध्ये त्याचे पेटंट घेतले. पुढे ते हूवर कुटुंबाकडे गेले आणि जगभर पोहोचले. स्पँगलर हे इंजिनियर नव्हते. ते एका मोठ्या दुकानात सफाईचे काम करत आणि झाडताना उडणाऱ्या धुळीने त्यांचा दमा वाढत असे. हे यंत्र सफाई करणाऱ्या माणसाच्या त्रासातून जन्मले. ते निवडताना त्याच माणसाचे मत सर्वांत आधी घ्यायला हवे.