ढोकीची छोटी गाडी, टेबलावर

एव्हरार्ड कॅलथ्रॉपची बार्शी लाइट रेल्वे 1911 साली ढोकीवरून लातूरला पोहोचली. तिच्या रुळांमधलं अंतर 762 मिलिमीटर. 1:87 प्रमाणात ते पावणेनऊच्या आसपास येतं, म्हणून बाजारात सहज मिळणारा 9 मिलिमीटरचा रूळ ढोकी स्थानकाच्या प्रतिकृतीला चालून जातो.

अशी छोटी गाडी चालवण्याच्या जुन्या पद्धतीत रुळातला विजेचा दाब कमीजास्त करून वेग बदलतात. त्यामुळे एका रुळावरची दोन इंजिनं एकदमच धावतात. डिजिटल पद्धतीत रुळात कायम पूर्ण दाब असतो आणि त्याचीच दिशा झपाट्याने उलटसुलट करून आज्ञा पाठवतात. अर्धं स्पंदन 58 मायक्रोसेकंदांचं असलं की ‘एक’, 100 किंवा जास्त असलं की ‘शून्य’. इंजिनातला डिकोडर फक्त स्वतःच्या क्रमांकाची आज्ञा पाळतो.

खरं काम प्रतिकृतीच्या फळीखाली. तिथे दोन जाड तारा, लाल आणि काळी, लांबवर न्याव्यात आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला त्यांतून बारीक जोडतार डाख देऊन जोडावी. रुळांच्या जोडपट्ट्यांवर विसंबू नये, त्या गंजतात. रूळ वळसा घेऊन उलट दिशेने स्वतःलाच मिळाला, तर डावा उजव्याला भिडून शॉर्ट होतं. तिथे दोन्ही रूळ दोन्ही टोकांना तोडून मधल्या भागाला दिशा आपोआप उलटवणारा मॉड्यूल लावतात.

शेवटी तपासणीसाठी रुळांवर नाणं आडवं ठेवा. रुळांना वीज पुरवणाऱ्या बूस्टरने ती तत्काळ तोडली नाही, तर तारा बारीक असाव्यात.