सेन्सर कुठे चुकतो, ते आधी सांगा

ऑपरेशन थिएटरच्या रजिस्टरमध्ये काही ठरावीक वेळा लिहिल्या जातात. रुग्ण आत आला, भूल दिली, पहिला छेद घेतला, शेवटचा टाका पडला, रुग्ण बाहेर गेला. सिस्टरचे हात मोकळे झाले की या नोंदी होतात, त्यामुळे त्यांतल्या बऱ्याच पाचाच्या पटीत असतात: ९.१५, ९.२०, १०.०५. पुढच्या रुग्णाला केव्हा बोलवायचं, हे अशाच नोंदींच्या आधाराने ठरतं. तो आदल्या रात्रीपासून उपाशी असतो, नातेवाईक बाहेर बाकावर बसलेले असतात, आणि अंदाज दोन तासांनी हुकला तर हाल त्यांचे होतात. म्हणून आठवणीवर विसंबण्याऐवजी सेन्सरने या नोंदी ठेवाव्यात, ही कल्पना मला मनापासून पटते. प्रश्न भरवशाचा आहे, आणि त्याचं उत्तर माहितीपत्रकात छापलेल्या एका टक्केवारीत सापडत नाही.

यातलं सर्वांत साधं साधन म्हणजे आरएफआयडी टॅग. रुग्णाच्या मनगटपट्टीत, ट्रॉलीला, अगदी मॉपच्या कापडातही तो शिवता येतो. साध्या टॅगला बॅटरी लागत नाही. रीडरच्या रेडिओलहरींमधूनच त्याला ऊर्जा मिळते आणि तो आपला क्रमांक परत पाठवतो. पण थिएटर ही रेडिओलहरींसाठी अवघड जागा आहे. स्टीलचं टेबल, ट्रे आणि अवजारं लहरी परतवतात. रक्त, सलाइन आणि माणसाचं शरीर त्या शोषून घेतं. त्यामुळे दाराबाहेर थांबलेली ट्रॉली ‘आत आली’ अशी नोंदली जाऊ शकते, आणि अंगाखाली दबलेली मनगटपट्टी वाचलीच जात नाही.

बरं, रीडरची ताकद वाढवावी, तर दुसरं संकट उभं राहतं. २००८ साली ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी अतिदक्षता विभागातल्या ४१ उपकरणांजवळ आरएफआयडी यंत्रणा चालवून पाहिली. चाचणीच्या वेळी खोलीत रुग्ण नव्हता, हे चांगलंच झालं. १२३ चाचण्यांपैकी ३४ वेळा उपकरणांच्या कामात अडथळा आला आणि त्यांतले २२ प्रसंग संशोधकांनी धोकादायक ठरवले. व्हेंटिलेटर बंद पडला, सिरिंज पंप थांबले. उपकरणं तेव्हापासून सुधारली आहेत. तरी आपल्या थिएटरमधल्या यंत्रांजवळ चाचणी न घेता रीडर बसवणं मला धाडसाचं वाटतं.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत वेगळी सोय आहे, कारण कॅमेरा आधीच पोटात असतो. त्याचं चित्र पाहून संगणकाने शस्त्रक्रियेचा टप्पा ओळखायचा. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या संशोधकांनी पित्ताशय काढण्याच्या ८० शस्त्रक्रियांचे व्हिडिओ जमवले. त्या १३ सर्जननी केल्या होत्या आणि प्रत्येकीचे ७ टप्पे पाडले होते. या संचावर तयार झालेली ‘एंडोनेट’ ही प्रणाली शस्त्रक्रिया चालू असताना साधारण ८२ टक्के वेळा टप्पा बरोबर ओळखत होती. नंतरच्या प्रणालींनी नव्वदी गाठली.

हा आकडा काढतात कसा? व्हिडिओतला प्रत्येक सेकंद तपासतात आणि बरोबर ओळखलेले सेकंद मोजतात. आता पित्ताशयाच्या मुळाशी ऊतकं सोडवण्याचा टप्पा लांबलचक असतो, तर नळीला क्लिप लावून ती कापणं काही मिनिटांत उरकतं. प्रणाली या छोट्या टप्प्यात सपशेल गोंधळली, तरी एकूण टक्केवारी जेमतेम खाली येते. आणि पित्ताशयाची नळी समजून मुख्य पित्तनलिकाच कापली जाण्याचा धोका नेमका याच मिनिटांत असतो. कॉटरीचा धूर झाला, पुसण्यासाठी कॅमेरा बाहेर काढला, अनपेक्षित रक्तस्राव झाला, की चित्र शिकवणीतल्या व्हिडिओंसारखं राहत नाही. शिवाय टप्पा नेमका कोणत्या सेकंदाला बदलला यावर दोन अनुभवी सर्जनचंही एकमत होईलच असं नाही. यंत्राची परीक्षा घ्यायची ती त्यांच्याच उत्तरावरून.

माणसंही नेमकी कुठे चुकतात, याचा उत्तम अभ्यास उपलब्ध आहे. यवतमाळ जिल्ह्यातलं उटी हे ज्यांच्या वडिलांचं गाव, त्या डॉ. अतुल गावंडे यांनी अमेरिकेत सहकाऱ्यांसोबत तो केला आणि २००३ साली प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेनंतर ५४ रुग्णांच्या शरीरात ६१ वस्तू राहून गेल्या होत्या, त्यांत दोन तृतीयांशांहून जास्त मॉप-गॉजसारखी कापडं. ज्या प्रकरणांत मोजणी झाली होती, त्यांतल्या ८८ टक्क्यांत ‘मोजणी बरोबर’ अशी नोंद होती. तातडीच्या शस्त्रक्रियेत हा धोका जवळपास ९ पट आणि बेत ऐनवेळी बदलला तर ४ पट निघाला. नेमके हेच प्रसंग प्रणाल्यांच्या शिकवणीच्या व्हिडिओंत क्वचित येतात. म्हणजे जिथे माणसाला मदतीची सर्वांत जास्त गरज, तिथेच यंत्राचा अभ्यास सर्वांत कच्चा.

मग इशाऱ्याची घंटा वाजवणारी यंत्रणा लावावी? थोडं गणित करू. समजा, मॉप राहण्याचा प्रकार १०,००० शस्त्रक्रियांत एकदा घडतो आणि यंत्र दर १०० शस्त्रक्रियांत एकदा उगीच ओरडतं. ९९ टक्के वेळा शांत राहणारं यंत्र ऐकायला उत्तम वाटतं, पण एका खऱ्या इशाऱ्यामागे १०० खोटे होतात. टोरंटोत ‘ब्लॅक बॉक्स’ या यंत्रणेने टिपलेल्या १३२ शस्त्रक्रियांत दर वेळी साधारण १३८ आवाजी व्यत्यय आढळले होते. त्या गलक्यात खोट्या घंटांची भर पडली, तर पुढची घंटा कोण मनावर घेईल?

त्यामुळे वेळापत्रकासाठी सेन्सर आणि सुरक्षेसाठी सेन्सर यांना एक कसोटी लावू नये. पहिल्यात दोन मिनिटांची चूक चालते. दुसऱ्यात मॉपची मोजणी सिस्टरने करायचीच. सेन्सर ही तिच्या जोडीची दुसरी तपासणी. रुग्णालयाने यंत्रणा विकत घेण्याआधी आपल्याच थिएटरमध्ये काही आठवडे घड्याळ घेतलेला माणूस बसवावा आणि त्याच्या नोंदी सेन्सरशी ताडून पाहाव्यात. रात्रीच्या, तातडीच्या आणि दुर्बिणीने सुरू होऊन पोट उघडावं लागलेल्या शस्त्रक्रियांचा हिशेब निराळा मागावा. जिथे यंत्राला कळलं नाही तिथे त्याने अंदाज न ठोकता जागा कोरी सोडावी. आणि या नोंदी कोण पाहणार, कशासाठी, हे कर्मचाऱ्यांना आधी लेखी द्यावं. उशिराचा जाब विचारायला त्या वापरल्या, तर टॅगचा बिल्ला ड्रॉवरमध्ये राहतो किंवा सहकाऱ्याच्या खिशातून फिरतो, आणि मग सेन्सर कितीही अचूक असला तरी त्याची नोंद खोटीच असते.