सावली पडण्याआधीचं ऊन

एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात न्यू जर्सीतल्या अंगणांमध्ये ओक आणि मेपलखाली सावली नसतेच. फांद्यांना पालवी फुटायची असते, त्यामुळे ऊन थेट जमिनीवर उतरतं. नेमक्या याच दिवसांत गेल्या वर्षीच्या पाचोळ्यातून ब्लीडिंग हार्टचे लालसर, लुसलुशीत कोंब डोकं वर काढतात. बघता बघता झुडूप दोन-तीन फुटांचं होतं आणि वाकलेल्या दांड्यांवर गुलाबी बदामांची रांग लटकू लागते. मे महिन्यात वरची पालवी दाट होईपर्यंत या झाडाची वर्षभराची बरीचशी बेगमी झालेली असते.

नर्सरीत ते सावलीतलं झाड म्हणून विकलं जातं, पण त्याची भिस्त असते ती सावली पडण्यापूर्वीच्या उन्हावर. म्हणूनच बारा महिने हिरव्या राहणाऱ्या सूचिपर्णी वृक्षांच्या गर्द अंधारात ते खुरटतं आणि पानगळीच्या वृक्षांखाली रमतं.

त्याचं शास्त्रीय नाव लॅम्प्रोकॅप्नॉस स्पेक्टॅबिलिस. मूळ घर उत्तर चीन, कोरिया आणि रशियाचा अतिपूर्वेकडचा भाग. कुळ अफूचं, आपल्याकडे रस्त्याच्या कडेला उगवणारा पिवळा धोतराही याच कुळातला. लिनियसने १७५३मध्ये त्याची नोंद केली होती, पण युरोपच्या बागांमध्ये ते खऱ्या अर्थाने रुजलं ते रॉबर्ट फॉर्च्युन या स्कॉटिश वनस्पती-संग्राहकामुळे. लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीने त्याला चीनला पाठवलं होतं आणि १८४६मध्ये तो परतला, तेव्हा त्याने आणलेल्या वनस्पतींमध्ये हे झाडही होतं. पुढे ईस्ट इंडिया कंपनीसाठी चीनमधली चहाची रोपं हिमालयाच्या पायथ्याशी पोहोचवली, तीही याच फॉर्च्युनने.

फूल हातात धरून पाहिलं की त्याची रचना कळते. बाहेरच्या दोन गुलाबी पाकळ्या तळाशी फुगून बदामाचा आकार घेतात. मध त्या फुगवट्यांच्या आत असतो. खाली पांढऱ्या थेंबासारख्या डोकावतात त्या आतल्या दोन पाकळ्या. त्यांची टोकं एकमेकींना चिकटलेली असतात आणि त्या टोपणाखाली पुंकेसर व कुक्षी झाकलेले असतात. बंबलबी जातीची जाड, केसाळ माशी खालून लोंबकळत मधासाठी सोंड आत घालते, तेव्हा टोपण बाजूला सरकतं आणि पराग तिच्या अंगाला लागतात. आखूड सोंडेच्या काही माश्या मात्र फुगवट्याला बाहेरून भोक पाडून परागीभवनाचं काम न करताच मध पळवतात.

उन्हाळा तापला की पानं पिवळी पडतात आणि झाड जमिनीवरून नाहीसं होतं. नवखे बागप्रेमी इथेच घाबरतात, पाणी वाढवतात, नाहीतर झाड मेलं म्हणून जागा खणून काढतात. पावसाळा सरला की कळलावी जशी कंदात जाते, तसंच हे झाड आपल्या मांसल मुळांमध्ये विसावलेलं असतं. पानं पूर्ण पिवळी होईपर्यंत कापायची नाहीत, कारण शेवटपर्यंत ती मुळांना अन्न पुरवत असतात. या काळात जमिनीत पाणी साचलं, तर मुळं कुजतात. पानांचं खत मिसळलेली भुसभुशीत, ओल धरणारी आणि तरीही निचरा होणारी माती त्याला मानवते. शेजारी होस्टा किंवा नेचे लावले की रिकामी जागा तेच भरून काढतात. मुळं ठिसूळ असल्याने झाड हलवायचं तर अलगद, तेही शरद ऋतूत किंवा कोंब फुटता फुटता. रसात विषारी अल्कलॉइड असतात, म्हणून मुलांना आणि पाळीव प्राण्यांना ते चघळू देऊ नये.

बियांचं वेळापत्रकही ऋतूंना बांधलेलं आहे. काळ्या, चकचकीत बीला एक पांढरट, स्निग्ध तुकडा चिकटलेला असतो. मुंग्या त्याच्यासाठी बी वारुळात नेतात, तुकडा खातात आणि बी टाकून देतात. बी गळतं तेव्हा आतला भ्रूण अपुरा असतो. आधी काही आठवडे ऊब आणि मग हिवाळ्याची थंडी मिळाल्यावरच ते रुजतं. वाळवून ठेवलेलं बी सहसा दगा देतं, त्यामुळे ताजं बी लगेच पेरलेलं बरं.

उणे तीस अंशांची थंडी सोसणाऱ्या या झाडाला लांबलचक हिवाळा लागतो. तो पुण्या-मुंबईत मिळत नाही. इथल्या नर्सरीत ब्लीडिंग हार्ट म्हणून मिळतो तो पांढऱ्या संदलांतून लाल फूल डोकावणारा वेल: क्लेरोडेंड्रम थॉमसोनी. तो पश्चिम आफ्रिकेचा आणि तुळशीच्या कुळातला, म्हणजे गुलाबी बदामवाल्याचा नात्यानेही कुणी नाही. पण आपली दमट हवा त्याला आवडते. दुपारच्या उन्हाची झळ लागणार नाही अशा बाल्कनीत, मोठ्या कुंडीत आणि जाळीच्या आधाराने तो छान फुलतो. फुलं नव्या फुटींवर येतात, म्हणून बहर ओसरला की त्याची छाटणी करावी.