भूल दिली, तरी दाढ का दुखते?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतला दवाखाना असो की स्टॉकहोममधला, ठणकणारी दाढ भुलीला सहजी दाद देत नाही. स्वीडनमध्ये १९४३ साली तयार झालेले लिग्नोकेन हे भुलीचे औषध मज्जातंतूच्या आत शिरून वेदनेचा संदेश अडवते. पण सुजलेल्या, पू झालेल्या जागी आम्लता वाढते. तिथे औषधाचे बरेचसे कण विद्युतभारित होतात आणि तेलकट ताटावरून पाणी ओघळावे तसे तंतूच्या स्निग्ध आवरणाबाहेरच राहतात. सुजेने तंतूही जास्त हळवे झालेले असतात.

खालच्या दाढांभोवतीचे हाड जाड. म्हणून सुई जबड्याच्या मागच्या बाजूला, मुख्य तंतूजवळ द्यावी लागते. या तंतूची जागा माणसागणिक थोडी बदलते. ओठ बधिर झाला म्हणजे दाढही झाली, असे नव्हे.

दुखताच हात वर करावा. सोसण्यात कसलीच मर्दुमकी नाही. मग डॉक्टर काही मिनिटे थांबतात, दाढेच्या मुळालगत किंवा थेट तिच्या गाभ्यात पुन्हा भूल देतात.