बाळगोधडी वेळेत पूर्ण व्हायची तर नमुना कोणता निवडावा?



कार्यानुभवाच्या तासाला बाळासाठी छोटी गोधडी शिवून ती गरजू कुटुंबाला देणं हा उपक्रम अनेक शाळांत घेता येण्यासारखा आहे. खर्च जवळजवळ नाही. घरोघरी जुन्या सुती साड्या, धोतरं, परकर असतातच. पण अडचण एकच येते, ती म्हणजे गोधडी अर्धवट राहते. सुरुवातीला सुंदर, बारीक तुकड्यांचा नमुना निवडला जातो, आठ दिवस उत्साह टिकतो आणि मग तुकडे पिशवीत पडून राहतात. म्हणून आज आपण नमुना कसा निवडायचा, हे गणिताने समजून घेऊ.

वेळ का महत्त्वाची?

आपल्या मराठवाड्यातून, बीडसह अनेक तालुक्यांतून, दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कुटुंबं बाहेर पडतात. कारखान्याजवळ कोपीत राहतात आणि हंगाम संपल्यावर परततात. त्यांच्यासोबत तान्ही बाळंही असतात. वेरूळच्या डोंगराजवळ राहणाऱ्या आपल्याला पौषातली पहाट कशी असते ते सांगायला नको. उघड्या रानातल्या कोपीत ती आणखी बोचते.

म्हणजे अशा बाळाला गोधडी द्यायची तर ती दसऱ्याच्या आत तयार पाहिजे. डिसेंबरात पूर्ण झालेली गोधडी कितीही देखणी असली तरी ज्याच्यासाठी शिवली ते बाळ तोवर गाव सोडून गेलेलं असतं. म्हणून इथे नमुन्याची पहिली परीक्षा "वेळेत होईल का?" ही, आणि दुसरी "किती छान दिसेल?" ही.

जोड मोजा, वेळ कळेल

आपलं कैलास लेणं एकाच खडकातून, वरून खाली कोरत आणलेलं आहे. त्यात जोड नाही. गोधडीचं बरोबर उलटं असतं, तिचं वरचं कापड सगळं जोडांचं. म्हणून काम मोजायचं तर जोड मोजायचे.

त्याचा नियम अगदी सोपा आहे:

जोड = तुकडे − १

का बरं? प्रत्येक शिलाईने दोन भागांचा एक भाग होतो, म्हणजे भागांची संख्या एकाने कमी होते. ४२ तुकड्यांचं एक कापड करायचं तर ४१ वेळा जोडावंच लागेल. मुलांना कागदाचे तुकडे चिकटवून हे करून बघायला सांगा, लगेच पटतं.

आता बाळगोधडीचं माप ३६ इंच × ४२ इंच धरू आणि चार नमुने तपासू.

१) बारीक चौकोन (३ इंच)
आडवे १२, उभे १४, एकूण १६८ तुकडे. जोड १६७. शिलाईची लांबी ९३० इंच, म्हणजे साडेसत्त्याहत्तर फूट! दिसायला सुरेख, पण घाईच्या कामाला नको.

२) मोठे चौकोन (६ इंच)
आडवे ६, उभे ७, एकूण ४२ तुकडे. जोड ४१. शिलाई ४२६ इंच. चौकोनाची बाजू फक्त दुप्पट केली आणि तुकडे चौपट कमी झाले. बाजू आणि क्षेत्रफळ यांचा संबंध शिकवायला याहून चांगलं उदाहरण शोधायला नको.

३) लांब पट्ट्या
६ इंच रुंद, ४२ इंच लांब अशा ६ पट्ट्या. जोड फक्त ५. शिलाई २१० इंच. गडद-फिकट, गडद-फिकट अशा लावल्या की छान उठून दिसतात.

४) मधे चौकट, भोवती काठ
मधे २४ × ३० इंचांचं एकच कापड. दोन्ही बाजूंना ६ × ३० च्या दोन पट्ट्या, मग वर-खाली ६ × ३६ च्या दोन. तुकडे ५, जोड ४, शिलाई १३२ इंच. साडीचे काठ भोवतीने वापरता येतात. मात्र काठ सुती हवा, जरीचा नको.

लक्षात ठेवा, ही सगळी तयार मापं आहेत. कापताना चारी बाजूंनी पाव इंच माया सोडायची. म्हणजे ६ इंचांचा चौकोन साडेसहा इंचांचा कापायचा.

मग सगळ्यात कमी जोडांचाच नमुना घ्यायचा का?

नाही, इथे थोडं थांबून विचार करा. आपल्याकडे काय आहे, हे दोन बाजूंनी बघावं लागतं.

*हात किती आहेत?* घरी एकटी आई किंवा आजी शिवणार असेल, तर पट्ट्या किंवा चौकटच बरी. पण वर्गात २८ मुलं असतील तर? पाच जोडांच्या गोधडीवर पाच-सहा मुलं बसतील, बाकीची नुसती बघत राहतील. तिथे मोठ्या चौकोनांचा नमुना जास्त सोयीचा. चार-चार मुलांचे सात गट करा. प्रत्येक गटाने ६ चौकोनांची एक ओळ जोडायची, म्हणजे गटाला जेमतेम ५ जोड. सात ओळी तयार झाल्या की त्या एकमेकींना जोडायला ६ लांब शिलाया राहतात. त्या मोठ्या माणसाने मशीनवर माराव्यात. काम जास्त असूनही वाटलं गेल्यामुळे लवकर उरकतं.

*कापड कसं आहे?* चौकटीच्या नमुन्याला मधोमध मोठं, धड कापड लागतं. जुनी साडी नेमकी मधे विरलेली असते. मग चांगला भाग शोधून चौकोन कापणं सोपं. शिंप्याकडच्या लहान-मोठ्या चिंध्या असतील तर त्या मापात कापत न बसता ठिगळासारख्या थेट खालच्या कापडावर शिवता येतात. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका 'कवंदी' अशीच करतात. कडेपासून सुरुवात करून तुकडे ठेवत, शिवत मधे येतात. वेगळे जोड घालायचे नाहीत की मापं घ्यायची नाहीत. फक्त प्रत्येक ठिगळाची कड आत दुमडून पक्की शिवायची.

सगळ्यांच्या नजरेतून सुटणारी गोष्ट: धावदोरा

वरचं कापड जोडलं म्हणजे गोधडी झाली असं वाटतं, पण खरा वेळ पुढेच लागतो. कडेपासून मधे चौकोनी फेरे घेत धावदोरा घालायची आपली जुनी रीत आहे. दोन-दोन इंचांवर फेरे घेतले तर ९ फेरे होतात, लांबी ७५६ इंच. एक-एक इंचावर घेतले तर १८ फेरे, १५१२ इंच, बरोबर दुप्पट! आत कापूस नसून साडीचा पदर असेल तर तो सरकून गोळा होत नाही, त्यामुळे दोन इंचांचं अंतर पुरतं. चौकोन निवडताना वाचवलेला वेळ दाट टाके घालून घालवू नका.

साडीचा हिशोब

साडेपाच मीटर साडी म्हणजे साधारण २१६ इंच. पन्हा ४४-४५ इंच. अस्तर वरच्या कापडापेक्षा चारी बाजूंनी एक इंच मोठं, म्हणजे ३८ × ४४ घेतलं की तेच पुढे दुमडून कड शिवता येते. एका साडीत असे ५ तुकडे बसतात. विरलेला एक सोडला तरी ४ उरतात. म्हणजे दोन गोधड्यांची अस्तरं आणि मधले थर एकाच साडीत निघतात.

बाळासाठी एवढं पाळाच

- कापड सुती आणि मऊ हवं. कापण्याआधी गरम पाण्यात धुऊन, उन्हात वाळवा. रंग जातो का ते ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा.
- टिकल्या, मणी, बटणं, गोंडे, आरसे अजिबात नकोत.
- लांब, सैल टाके आणि लोंबते दोरे ठेवू नका. बाळाची बोटं अडकतात.
- शेवटी सुया आणि टाचण्या मोजून परत घ्या. जेवढ्या दिल्या तेवढ्या आल्या पाहिजेत.
- वर्षाच्या आतल्या बाळाच्या तोंडाशी सैल पांघरूण असू नये. म्हणून ही गोधडी अंथरायला द्यायची, हे आईला नीट सांगा.

कुणाला द्यायची?

कुणाच्या घरी बाळ आहे किंवा येणार आहे, हे आशाताई आणि अंगणवाडी ताई यांना नेमकं माहीत असतं. आधी त्यांना विचारा आणि मगच किती शिवायच्या ते ठरवा. रुग्णालयात द्यायची असेल तर तिथल्या सिस्टरांना विचारल्याशिवाय नेऊ नका, कारण जंतुसंसर्गाच्या काळजीने बाहेरचं कापड काही ठिकाणी घेत नाहीत. आणि देताना बाळाच्या आईचा फोटो काढू नका. घेणाऱ्याला अवघडल्यासारखं होता कामा नये.

अमेरिकेत १९९५ साली सुरू झालेली 'प्रोजेक्ट लायनस' ही संस्था आजारी, संकटातल्या मुलांना हाताने केलेली पांघरुणं देते. आपल्याकडे तर नव्या बाळाला आजीच्या मऊ लुगड्याचं दुपटं करायची पद्धत जुनीच आहे. आता तेच दुपटं शेजारच्या वस्तीतल्या बाळासाठी करायचं, एवढाच फरक.

करून बघा

१) ३० × ३६ इंचांच्या गोधडीला ६ इंचांचे किती चौकोन लागतील? जोड किती?
२) तीच गोधडी ६ इंच रुंद आणि ३६ इंच लांब पट्ट्यांची केली तर जोड किती?
३) तुमच्या वर्गात मुलं किती, दसऱ्याला आठवडे किती आणि घरून कापड कोणतं मिळेल, हे लिहून काढा. मग चारपैकी कोणता नमुना घ्याल ते कारणासहित सांगा.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक वर्गाचं वेगळं येईल, आणि तेच बरोबर असेल. उत्तर आलं की त्याच दिवशी कात्री हातात घ्या!