दोन लाव्हाथरांमधले अरण्य

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीवर लाव्हाचे थरावर थर पसरत होते, तेव्हा येथील जीवसृष्टी एकदाच भस्मसात झाली असावी, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु पूर्वी नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली असलेल्या छिंदवाड्याच्या मुलखात, मोहगाव कलान येथे सापडणाऱ्या गारा निराळी कैफियत सांगतात. दोन उद्रेकांच्या दरम्यान दीर्घकाळ शांतता नांदे, सखल जागी तळी साचत, त्यांच्या काठी ताडकुळातील वृक्ष वाढत, आणि पुढल्या उद्रेकाच्या लाव्हाखाली तो सारा विस्तार झाकला जाई. नागपूरच्या परिसरातील अशा थरांकडे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनी अभ्यासकांचे लक्ष वेधले.

लाकूड पाण्याखालच्या चिखलात गाडले गेले, की प्राणवायूच्या अभावी त्याचे कुजणे मंदावते. खडक व ज्वालामुखीय राख झिजून सुटलेली सिलिका भूजलात विरघळते, ते पाणी पेशींच्या पोकळ्यांत झिरपते, आणि पेशीभित्तींवर सिलिकेचे रेणू बसू लागतात. म्हणजे लाकूड स्वतःच आपल्या पाषाणरूपाचा साचा होते. प्रथम ओपल, मग पाणी गमावत कॅल्सेडोनी, अखेरीस क्वार्ट्‌झ, असा हा क्रम. या व्यवहाराचा आरंभ तरी फारसा संथ नसतो: जपानमधील तातेयामाच्या उष्ण झऱ्यात ठेवलेले लाकूड सात वर्षांच्या आत बऱ्याच अंशी सिलिकेने भरलेले आढळले. ज्या लाव्हाने अरण्य गाडले, त्याच्याच घटकद्रव्याने त्याचे दप्तर राखले, याहून विलक्षण योग भूशास्त्रात मला दुसरा आढळत नाही.

ते दप्तर वाचण्यासाठी दगडाची चकती कापून काचपट्टीवर चिकटवतात आणि मिलिमीटरच्या सुमारे तीन शतांश इतकी पातळ होईपर्यंत घासतात. सूक्ष्मदर्शकाखाली ताडाचे खोड असल्यास वर्षवलये दिसत नाहीत. सर्वत्र विखुरलेले वाहिनीवृंद दिसतात, प्रत्येकावर दाट तंतूंची टोपी आणि आत रुंद जलवाहिन्यांची गोल भोके, जणू झाड कालच कापले असावे अशी स्वच्छ.

डॉ. बिरबल सहानी यांनी या अश्मीभूत वनस्पतींच्या अध्ययनात आयुष्याचा मोठा भाग वेचला. लखनौ येथील त्यांच्या संस्थेची जीवाश्म जडवलेली कोनशिला पंडित नेहरूंच्या हस्ते 3 एप्रिल 1949 रोजी बसली, आणि अवघ्या आठवड्याभरात सहानी निवर्तले. त्यांचे कार्य त्यांच्या पत्नी सावित्री सहानी यांनी पुढे चालवले.

मोहगावच्या गारांत निपा या ताडकुळातील झाडाचे फळही मिळाले आहे. निपा आज सुंदरबनासारख्या खाऱ्या-मचूळ पाण्याच्या चिखलात वाढते. मग समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या या ठिकाणी ती आली कशी? छिंदवाड्याच्याच झिलमिली येथे सागरी सूक्ष्मजीवांचे अवशेष सापडल्यापासून समुद्राची एक चिंचोळी भुजा मध्य भारतात शिरली असावी, या तर्काला बळ आले आहे. ती नर्मदा-तापीच्या खोऱ्यातून आली की गोदावरीच्या, हा वाद मात्र अद्याप मिटलेला नाही.