कातळाने घडवलेले कोकण

कोकण म्हटले की माडांच्या बागा, लाल कौलारू घरे, पांढरी पुळण आणि ताटातली गुलाबी सोलकढी असे चित्र पर्यटकाच्या डोळ्यांपुढे उभे राहते. या चित्रात एक गोष्ट सहसा नसते. ती म्हणजे वाड्यांच्या डोक्यावर मैलोन् मैल पसरलेला काळपट, उघडाबोडका सडा. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांत गाव खाली आणि सडा वर, अशी रचना जागोजागी आढळते. गाडीतून जाणाऱ्याला हा सडा ओसाड वाटतो. प्रत्यक्षात खालच्या हिरवाईचे, घरांचे आणि जेवणाच्या ताटाचेही रहस्य बऱ्याच अंशी या कातळातच दडलेले आहे.

जांभा म्हणजे काय?

सह्याद्री बेसॉल्ट या काळ्या खडकाचा. उष्ण, दमट हवामान आणि मुसळधार पाऊस यांमुळे या खडकातील विरघळणारी द्रव्ये लाखो वर्षांत वाहून गेली. मागे उरली ती मुख्यतः लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे. त्यांतून तयार झालेला तांबूस, सच्छिद्र दगड म्हणजे जांभा. फ्रान्सिस बुकॅनन याने १८०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात केरळमधील अशाच दगडाला ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. ‘लेटर’ म्हणजे लॅटिनमध्ये वीट. हे नाव समर्पक आहे, कारण खाणीत मऊ असणारा जांभा कापता येतो आणि हवा लागली की कठीण होतो. त्याचेच चिरे काढून कोकणातील घरे, देवळे, गडगे आणि विहिरी बांधल्या गेल्या.

या भागात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. सड्यावर पडलेले पाणी जांभ्याच्या छिद्रांतून आणि भेगांतून खाली मुरते, त्याखालच्या चिकणमातीच्या थरावर अडते आणि उताराच्या पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. नारळी-पोफळीची आगरे नेमकी तेथेच वसलेली दिसतात.

उतरणीवरचे ताट

सडा, उतार, आगर, मळा आणि खाडी या क्रमाने गाव पाहिले, की कोकणी स्वयंपाकाचा नकाशाच हाती येतो. मळ्यातल्या भाताचा उकडा तांदूळ होतो आणि त्याची पेज सकाळी पोटाला आधार देते. भातकापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर कुळीथ घेतात. त्याची पिठी आणि भात हे येथील घराघरांतले साधे जेवण. उतारावरच्या रानात काटेरी तिरफळ वाढते. बांगड्याच्या आमटीला त्याशिवाय चव नाही, असे मालवणी माणूस ठामपणे सांगतो.

कोकमाचे फळ एप्रिल-मेमध्ये पिकते. त्याच्या साली त्याच्याच रसात पुन्हा पुन्हा भिजवून उन्हात वाळवतात, तेव्हा आमसूल तयार होते. हे काम पाऊस येण्यापूर्वी उरकावे लागते. कोकमाचा आगळ आणि नारळाचा रस एकत्र आला की सोलकढी होते. म्हणजेच उतारावरचे झाड आणि आगरातला माड एका वाटीत भेटतात.

पावसाळ्यात मासेमारीबंदीच्या काळात भिस्त असते ती सुक्या माशांवर, फणसाच्या साठवलेल्या आठळ्यांवर आणि टाकळा, भारंगी, कुरडू या रानभाज्यांवर. श्रावण-भाद्रपदात हळदीच्या पानातले पातोळे आणि उकडीचे मोदक येतात. उन्हाळ्याच्या तोंडावर ओल्या काजूंची उसळ होते.

हापूस हा या कातळाचा सर्वांत प्रसिद्ध पाहुणा. पाणी साचू न देणारी जांभ्याची जमीन त्याला मानवते. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये आणि कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

दगडावरची चित्रे, देवळातली नाटके

याच सड्यांवर इतिहासपूर्व काळातील माणसाने कोरलेली कातळशिल्पे आहेत. हत्ती, मासे, पक्षी, मानवाकृती आणि अर्थ न लागलेल्या चौकटी त्यांत दिसतात. राजापूर तालुक्यातील कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांबीचा असून त्याच्या देहात इतर प्राण्यांच्या आकृती कोरलेल्या आहेत. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत या शिल्पांचा समावेश झाला. त्यात रत्नागिरी जिल्ह्यातील कशेळी, उक्षी, जांभरुण, रुंढ्येतळी, देवीहसोळ, बारसू व देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यातील फणसायमाळ ही नऊ ठिकाणे आहेत.

खाली गावात कला वेगळे रूप घेते. भात घरात आले की जत्रा सुरू होतात आणि देवळांच्या आवारात रात्रभर दशावतार रंगतो. लिखित संहिता नसताना कलावंत केवळ कथानक ठरवून संवाद उभे करतात. कुडाळजवळच्या पिंगुळीत चित्रकथीची परंपरा टिकून आहे. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

‘पोटखराबा’ कोणाचा?

एवढे देणारा सडा महसुली दप्तरात मात्र बहुधा ‘पोटखराबा’, म्हणजे लागवडीस अयोग्य जमीन ठरतो. पावसाळ्यात तेथे सीतेची आसवे, गेंद आणि किडे खाणारा दवबिंदू यांचे गालिचे पसरतात. दीपकाडीसारखी वनस्पती तर कोकणातल्या सड्यांवरच वाढते. या संपत्तीची नोंद सातबाऱ्यावर होत नाही. त्यामुळे चिरेखाण असो, रस्ता असो वा मोठा प्रकल्प, पहिली नजर सड्याकडेच वळते. २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावरील नियोजित तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या माती परीक्षणावरून झालेल्या आंदोलनात कातळशिल्पांचा प्रश्नही ऐरणीवर आला होता.

प्रश्न सोपा नाही. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फलोद्यान योजनेने कोकणात आंबा-काजूच्या बागा वाढल्या, घरे सावरली. कातळ फोडून, बाहेरून माती आणून लावलेल्या बागांनी सड्याचे मूळ रूपही बदलले. चिऱ्याशिवाय घर नाही आणि खाणीशिवाय चिरा नाही. विकास नको, असे येथे कोणी म्हणत नाही. परंतु कोणता सडा राखायचा आणि कोणता वापरायचा, हे ठरवण्यापूर्वी त्याच्या पोटातले पाणी आणि पाठीवरची चित्रे मोजली गेली पाहिजेत.

कोकणात जाणाऱ्याने म्हणूनच समुद्राबरोबर एखादा सडाही पाहावा. फुलांसाठी ऑगस्ट-सप्टेंबर, शिल्पांसाठी पाऊस सरल्यानंतरचा काळ चांगला. गाडी रस्त्यावरच ठेवावी, शिल्पांच्या रेषांवर पाय देऊ नये आणि गावातला माणूस वाटाड्या म्हणून बरोबर घ्यावा. परतल्यावर समोर येणाऱ्या सोलकढीच्या वाटीत त्या कातळाची आठवण निश्चितच असेल.